मलमलीच्या पट्ट्या

सोमवार, १० जून

दुपारी हितेंद्र वन्संना सोडून गेला. पिशवी दारातच ठेवली, पाणीसुद्धा अर्धंच प्यायला. "मामी, आठ-दहा दिवस ठेवून घे आईला. घरात जरा... श्रेयाचं ऑफिस, मनवाची शाळा..."

त्या "जरा"मध्ये काय होतं ते वन्सं आत आल्याबरोबर कळलं. वास. आंबलेल्या कणकेचा. मी रोज पहाटेपासून पोळीभाजी केंद्रावर कणकेतच असते, मला तो वास कोणी सांगायला नको.

ह्यांची थोरली बहीण. एके काळी वन्संनी गॅलरीतून हाक मारली की खालच्या नाक्यावरची पोरं पत्ते लपवायची. ती बाई आज दोन्ही हात अंगापासून लांब धरून, पाय फाकवून चालत आली. खाटेवर बसण्याआधी चादर काढून घडी करून बाजूला ठेवली आणि उघड्या गादीच्या कडेवर टेकली.

चादर का काढली, विचारलं.

"नको गो. खराब होतली."

दिवसभरात एवढंच बोलल्या.


बुधवार, १२ जून

अंघोळीला मोरीचं दार लावून घेतात. आतून आवाज येतो, खरखरीत टॉवेल घासल्यासारखा. ब्लाउजवर पिवळे डाग, हळद आणि खोबरेल. कपड्यांना पावडरचा भपकारा.

काय झालंय म्हटलं, तर "उष्णता." सब्जा भिजत घालायला सांगितला. म्हटलं, मला दाखवा तरी.

"तुका काय दाखवू? शिवाची बायको तू."

सत्तरी उलटलेल्या बाईची लाज. मीही साठीची. पण लाजेला वय कुठे असतं? मी नाही का ह्यांच्या फोटोकडे पाठ करून अजून पातळ बदलत.


शनिवार, १५ जून

हितेंद्रचा फोन. आधी मनवा बोलली. सहा वर्षांची पोर, मनात आलं ते तोंडात. "आजी, तुला वास येतो ना, म्हणून मी जवळ येत नव्हते. तू बरी झालीस की मी मांडीवर बसणार."

मग हितेंद्रने फोन घेतला. बदलापूरला एक आश्रम बघून आलाय. स्वच्छ आहे, नर्स आहेत. "आई काही दाखवतच नाही मामी. श्रेयाने तीनदा डॉक्टरकडची वेळ घेतली, तीनदा आई निघायच्या वेळी झोपून राहिली. आम्ही काय करायचं? महिनाअखेरीला बघू."

मी फोन कानाला लावत नाही, स्पीकरवर ठेवते. वन्संनी सगळं ऐकलं. तांदूळ निवडत होत्या, निवडतच राहिल्या. ताटातला शेवटचा खडा काढून बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "शेवंते, दार लाव."

मी दार लावलं.

"त्याचो फोटो फिरव."

ह्यांचा फोटो भिंतीकडे फिरवला. मग वन्संनी हुक काढले.

दोन्ही छातींखाली लालबुंद, ओलं. साल काढलेल्या टोमॅटोसारखं. कडांना पांढरट कातडी, आजूबाजूला बारीक बारीक पुळ्या सांडल्यासारख्या. पोटाच्या घडीखाली तसंच. जांघेत त्याहून वाईट. आणि घड्यांमध्ये पावडरचे गोळे, भिजून घट्ट झालेले.

मी बॅटरी धरून सगळं पाहिलं. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"काय बघतंस? सांग. खोटा बोलू नको."

म्हटलं, लाल आहे. चिघळलंय. पण कातडीचं दुखणं आहे वन्सं, पाप नाही. जे दिसेल ते मी सांगेन, कधी खोटं सांगणार नाही.

त्या रडतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "मग भात टाक."


मंगळवार, १८ जून

केंद्रावर रजा टाकली. परळच्या इस्पितळात त्वचेच्या विभागात गेलो. मोठी रांग. वन्सं उभ्याच, बाकावर बसेनात. शेजारची बाई सरकून जागा देत होती, तरी नाही.

डॉक्टर तरुण मुलगी. हातमोजे घातले, नाक मुरडलं नाही, न घाबरता घडी उचलून बघितली. तेवढ्यानेच वन्संचा अर्धा ताठा उतरला.

"किती दिवस आहे आजी?"

"तीन वर्सां झाली."

"काय काय लावलं?"

वन्संनी पिशवीतून एकेक काढलं. हळद, खोबरेल, दोन तऱ्हेच्या पावडरी आणि मेडिकलवाल्याने न विचारता दिलेली ट्यूब. ती लावली की खाज थांबायची, आठवड्याने दुप्पट उसळायची, म्हणून पुन्हा तीच. डॉक्टरने ती ट्यूब उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकली. तिच्यातल्या एका औषधाने लाली दबते, पण बुरशीचं फावतं म्हणाली.

मग समजावलं. घडीत हवा जात नाही, घाम सुकत नाही, कातडी कातडीला घासते, सोलवटते, त्यात बुरशी धरते. रक्त तपासलं, साखरही वाढलेली. बुरशीला आवडतं म्हणे ते. "मलम निम्मं काम करेल आजी. उरलेलं निम्मं तुमचं. कोरडं ठेवायचं."

"आमी कोकणातली माणसा," वन्सं म्हणाल्या, "कोरडा म्हणजे काय ता आमका ठावक नाय."

डॉक्टर हसली. तिच्या मागची नर्सही हसली. आणि वन्संचं तोंड जरा सैल पडलं.


बुधवार, १९ जून

डॉक्टरने सांगितलं, घडीत मऊ सुती कापडाची पट्टी ठेवा, टोकं बाहेर राहू द्या म्हणजे ओल ओढून घेईल. जुनी साडी फाडायला काढली. सगळ्या सिंथेटिक. ब्लाउजपीससुद्धा. माझ्या घरात सुती म्हणावं असं काही उरलेलंच नाही!

एक सोडून.

ट्रंक उघडली. तळाशी मलमल. गिरणी बंद पडायच्या आधी ह्यांनी आणलेली, ह्यांच्याच खात्यात घडी घातलेली. हे कापडाच्या घड्या घालायच्या खात्यात होते. त्या घडीवर मी कधी हात फिरवला तरी ती मोडू नये म्हणून वरवर फिरवायचे. तीन वर्षांत तर ट्रंकच उघडली नव्हती.

वन्सं बघत होत्या. "ती नको गो. ती शिवाची."

कात्री लावली. कापड उपयोगी पडावं म्हणूनच विणतात ना? ट्रंकेत कुजायला नाही.

पट्ट्या उकळत्या पाण्यातून काढल्या, चुलीवर दोरी बांधून वाळवल्या. खोली धोब्याच्या घरासारखी दिसते.


शुक्रवार, २१ जून

आमचा दिवस आता असा. मी केंद्रावरून आले की वन्संना खाटेवर आडवं करायचं. कोमट पाण्याने हळूच धुवायचं, टॉवेल घासायचा नाही, टिपायचं. मग एकेक घडी उचलून धरायची आणि टेबलफॅन लावायचा. मग मलम, पातळ थर, थापायचं नाही. मग पट्टी. संध्याकाळी पुन्हा तेच. ब्लाउजांची शिवण उसवून सैल केली. परकराची नाडी करकचून बांधायची सवय, ती सोडवताना भांडण झालं. "सैल बांधून परकर रस्त्यात पडलो तर?" मी म्हटलं, तर लालबागला नवीन काही बघायला मिळेल.

हसता हसता पोटाची घडी हातातून निसटली.

वाचनालयातून कातडीच्या आजारांचं एक पुस्तक आणलंय. चौथीपर्यंत शिकलेली बाई, पण ह्यांनी वर्तमानपत्र वाचायला लावून लावून सवय लावली. कठीण शब्द दोनदा वाचते. पुस्तकात आणि डॉक्टरच्या बोलण्यात फरक नाही. बरं वाटलं.


मंगळवार, २५ जून

ओल गेली! उजवीकडे कातडी धरलीय. गुलाबी, बाळाच्या टाचेसारखी. वन्संना आरसा धरून दाखवलं. बराच वेळ बघत बसल्या.

वास नाही. मुद्दाम जवळ जाऊन घेतला.


रविवार, ३० जून

सगळं परत फिरलं.

चार दिवसांपासून खाज, कालपासून पाणी. मलम चुकलं नाही, पट्टी चुकली नाही, गोड मी घरात ठेवत नाही. पुस्तकातलं ते पान पाठ झालं. कुठे चुकतंय?

नेमका आजच हितेंद्र आला. वन्सं पाय फाकवून दारापर्यंत गेल्या, ते त्याने पाहिलं. मला बाहेर गॅलरीत बोलावलं. "मामी, तू खूप केलंस गं. पण आता मी आश्रमात कळवतो." त्याचेही डोळे लाल होते. वाईट पोरगा नाही तो, हरलेला आहे.

मी म्हटलं, एक महिना दे. नाही झालं तर मी स्वतः बदलापूरला येऊन खाट लावून देईन.

महिना दिला त्याने. दिला खरा, पण मी कशाच्या जोरावर मागितला?


मंगळवार, २ जुलै

खालच्या मजल्यावरचे तात्या जिन्यात भेटले. सकाळी चौकात औदुंबराच्या पारावर पेपर वाचत बसतात. म्हणाले, "शेवंताबाई, तुमच्या वन्संना सांगा जरा. रोज ओल्या साडीत येऊन झाडाला पाणी घालतात आणि तिथेच बसून राहतात, साडी अंगावर सुकेपर्यंत. मला आपलं उठून जावं लागतं. या वयात न्यूमोनिया व्हायचा."

जिन्यातच हिशेब लागला.

मी पहाटे निघते, दुपारी येते. पाऊस धरल्यापासून साडी लवकर सुकत नाही, मधला सगळा वेळ बाई ओलेत्याने बसलेली! आणि मी दुपारी येऊन पट्ट्या लावते!

वर आले ती भांडायच्या तयारीनेच. म्हटलं, वन्सं, मी तुम्हाला खोटं बोलणार नाही म्हटलं होतं, तुम्ही मला बोललात.

"तू इचारलास खंय?"

मग सांगितलं. तीन वर्षांपूर्वी हे करोनाच्या वॉर्डात होते, आम्हाला कोणाला आत सोडत नव्हते, तेव्हा वन्संनी नवस बोलला. शिवा घराक येयपर्यंत रोज ओलेत्यान झाडाक पाणी घालीन, आणि साडी अंगावरच सुकवीन. हितेंद्रकडे गॅलरीत कुंडीतली तुळस होती, इथे औदुंबर.

"पण तो इलोच नाय," वन्सं म्हणाल्या. "मगे नवस सुटतलो कसो?"

ह्यांना घरी आणलंच नव्हतं. वॉर्डातून परस्पर नेलं. आम्ही दोघींनी तोंडही पाहिलं नाही. मला वाटायचं, त्या गोष्टीला मी एकटीच चिकटून बसलेय.

"सोडलंय तर तो दुसऱ्यांदा जातलो, शेवंते."

भांडण जागच्या जागी गेलं. आम्ही दोघी खाटेच्या कडेला बसून राहिलो. चहा ठेवायचंही सुचलं नाही.


बुधवार, ३ जुलै

कामावर जाताना, चालताना सुचलं. संध्याकाळी वन्संना सांगितलं. नवस मोडायचा नाही, हात बदलायचा. ओलेत्याने पाणी मी घालीन. पहाटे अंघोळ करून खाली जाईन, घालीन, वर येऊन कोरडं नेसून कामाला जाईन. माझ्या हाडांना घडी आहेच कुठे बुरशी धरायला?

वन्संनी माझ्याकडे नीट पाहिलं. माझ्या मोकळ्या गळ्याकडे, कपाळाकडे. मला कळलं काय चाललंय ते. त्यांच्या गावी विधवा बाईने पाराला शिवलेलं चालत नसे. मी वाट बघत राहिले.

"तू घालतलंस?"

हो.

"त्याका तूच आवडायचंस जास्त," वन्सं म्हणाल्या. "घाल."


गुरुवार, ४ जुलै

घातलं. तात्या उठून गेले बिचारे.


मंगळवार, ९ जुलै

वन्सं कोरड्या साडीत खाली येतात, झाडाला नुसता हात लावतात, वर येतात. पहिल्या दिवशी घाबरत घाबरत. आज हात लावून वर फांदीकडे बघून म्हणाल्या, "रागावलास काय रे?" झाड काही म्हणालं नाही. मी ऐकलं, केंद्राला सुट्टी होती म्हणून बरोबर होते.


सोमवार, १५ जुलै

डॉक्टरकडे दाखवलं. "अरे वा आजी!" साखरही उतरलीय. मलम लगेच थांबवायचं नाही, दिसायला बरं झालं तरी आणखी दोन आठवडे लावायचं, नाहीतर परत येतं. आणि पट्ट्या व पंखा चालूच ठेवायचा, घडी आहे तोवर काळजी आहे.

नवसाचं मी सांगितलं नाही. वन्संनीच सांगितलं. डॉक्टर म्हणाली, "माझी आजी श्रावणात असंच करते. आज घरी जाऊन बघते तिला."

येताना वन्सं बाकावर बसल्या. मधोमध, ऐसपैस. शेजारच्या बाईला सरकावं लागलं!


शनिवार, २० जुलै

दुपारी समोरच्या खोलीतल्या दुर्गाने दार ठोठावलं. "मावशी, साखर आहे का?" साखर नको होती. दार लावून घेतलं आणि म्हणाली, मलापण आहे, बाळंतपणापासून, कोणाला सांगू? बॅटरी काढली. तशीच ट्यूब तिच्याकडेही निघाली. वन्संनी ती तिच्या हातून घेतली आणि डॉक्टरबाईच्या थाटात केराच्या डब्यात टाकली.

"उद्या परळाक जा," म्हणाल्या. "तोपर्यंत घासू नको. टिप." आणि मलमलीच्या दोन पट्ट्या तिच्या हातात ठेवल्या.

मी भिंतीकडे तोंड करून हसले. ह्यांचा फोटोही भिंतीकडेच होता. आम्ही दोघं मिळून हसलो म्हणायचं.


रविवार, २१ जुलै

हितेंद्र, श्रेया, मनवा तिघंही आले. मी वन्संना काही शिकवलं नव्हतं. त्यांनी नवीन सुती पातळ नेसलं होतं, डोक्यात अबोलीचा गजरा.

मनवा दारात थांबली. हळूहळू पुढे आली. नाक पुढे करून आजीच्या खांद्याशी, मानेशी, काखेशी असा वास घेतला, मांजर घेतं तसा. आम्ही चौघं तिच्या नाकाकडे बघत.

"आजीला साबणाचा वास येतो," तिने जाहीर केलं आणि मांडीवर चढून बसली.

वन्संनी तिला दोन्ही हातांनी वर उचललं. दोन्ही हात, थेट खांद्याच्या वर! महिन्यापूर्वी हे हात केस विंचरायलासुद्धा उचलत नव्हते.

श्रेया मोरीपाशी येऊन रडली. "मामी, मी आईंना वेगळी खुर्ची दिली होती हो." मी म्हटलं, तू तीनदा डॉक्टरची वेळ पण घेतली होतीस, तेही लक्षात ठेव. मग तिला पट्टी कशी ठेवायची ते दाखवलं. तिने मोबाइलवर लिहून घेतलं.

हितेंद्र जाताना नुसतं म्हणाला, "आश्रमाला नको म्हणून कळवतो."

जिंकलो! दुसरा शब्द सुचत नाही.


रविवार, २८ जुलै

वन्सं घरी गेल्या. मलमलीच्या निम्म्या पट्ट्या त्यांच्या पिशवीत दिल्या, निम्म्या इथे राहू देत म्हणाल्या. का, विचारलं तर "रवांदे" एवढंच.

टॅक्सीत बसताना मला जवळ घेतलं. आजवर कधी घेतलं नव्हतं.


सोमवार, २९ जुलै

दुपारी आले आणि सवयीने टेबलफॅन लावला. कोणासाठी?


गुरुवार, १ ऑगस्ट

एकटीचा भात नीट होत नाही. एक तर कमी होतो, नाहीतर उरतो.

पुस्तक परत केलं. दुसरं आणलं, प्रवासवर्णन. बर्फाच्या देशातलं. तिथे घाम येत नाही म्हणून तिथली माणसं काय करत असतील, असा विचार डोक्यात आला. माझं डोकं आता घड्यांमधून बाहेर येणार नाही.

ह्यांचा फोटो पुन्हा सरळ केला. दीड महिना भिंतीकडे बघून बघून कंटाळले असतील.


रविवार, ४ ऑगस्ट

वन्संचा फोन. बरं आहे म्हणाल्या. श्रेया पट्ट्या रोज उकळते. मनवा शाळेत, ती दोघं ऑफिसात, आणि दिवसभर बावीस मजले खाली बघत बसायचं. "माणसा मुंग्येएवढी दिसतत. हाक मारूची कोणाक?"

मी म्हटलं, टीव्ही लावा.

"हां," म्हणाल्या.


शुक्रवार, ९ ऑगस्ट

आज पाण्याला खाली जाताना कोरडंच नेसले होते, घाईत. अर्ध्या जिन्यात लक्षात आलं. परत फिरावं की नाही? नाही फिरले. पाणी घातलं. फांदीकडे बघून म्हटलं, वन्संना सांगू नका.

हे घरी आले नाहीत. पण ट्रंकेतून बाहेर आले, वन्संच्या अंगाला लागले, दुर्गाच्या लागले. हेही घरी येणंच की. नवस सुटला असं मी माझ्यापुरतं ठरवलं.


रविवार, ११ ऑगस्ट

दुपारी दारात टॅक्सीवाला, हातात वन्संची पिशवी. मागून वन्सं, पाय फाकवून, हात अंगापासून लांब धरून.

"परत इला गो, शेवंते. हितेंद्राक सांगितलंय, मामीशिवाय बरा होवचा नाय."

दार लावलं. फोटो फिरवला. त्या खाटेवर आडव्या झाल्या, मी बॅटरी धरून एकेक घडी उचलली. डावी, उजवी, पोटाची, जांघेतली. दोनदा पाहिलं. कातडी त्या मलमलीसारखी, कोरडी, साफ. एक ठिपका नाही.

वर पाहिलं तर वन्सं माझ्या तोंडाकडे बघत होत्या, पहिल्या दिवशी बघत होत्या तशाच.

"लाल आसा मां?"

"हो वन्सं," मी म्हटलं. "बराच."

"दिवस लागतले?"

"लागतील. पुष्कळ लागतील."

त्या उठल्या. कपाटातून चादर काढली, स्वतःच खाटेवर अंथरली, कोपरे ओढून सरळ केले आणि मधोमध मांडी घालून बसल्या.

"मग भात टाक."